उमेदीचं विरजण

आज राजीनामा द्यायचाच, असं ठरवून केतकी शिंत्रे सोमवारी सकाळी ऑफिसचा जिना चढली. ऑफिस कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. "रणधीर, मी या महिनाअखेरीला नोकरी सोडतेय," हे वाक्य तिने पायरीपायरीला घोकलं होतं. वर गेल्यावर ती जागेवर बसली, सवयीने कपाळाला पट्टी लावली, डोळे मिटले. थोड्या वेळाने पट्टी काढली तेव्हा डोक्यात नव्या प्रवेशाचे संवाद नुसते उड्या मारत होते. राजीनाम्याची आठवण झाली ती थेट संध्याकाळी, पर्स उचलताना.

हे एकदा झालं असतं तर विसरभोळेपणावर ढकलता आलं असतं. पण पावसाळा सरून दिवाळी आली, तरी दर सोमवारी हेच. तिचा नवरा प्रसन्न गडहिंग्लजच्या कॉलेजात शिकवायचा आणि तिथेच घर घेऊन राहायचा. केतकीने नोकरी सोडून तिकडे जायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. स्वयंपाकघरातल्या फळ्या तिच्या उंचीला लावून तयार होत्या. प्रसन्न चिडणाऱ्यातला असता तर एकवेळ परवडलं असतं. काल, सुट्टी संपवून गडहिंग्लजला परतायला बॅग भरता भरता, तो एवढंच म्हणाला होता, "तुला यायचं नसेल तर तसं सांग, केतकी. वाईट वाटेल मला, पण कळेल तरी."

तिला जायचं होतं. म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत नक्की जायचं असायचं. सोमवारी दुपारी कुणी विचारलं असतं, तर हे ऑफिस सोडायला मी काय खुळी आहे का, असं तिने तोंडावर सांगितलं असतं. दोन्ही वेळा ती अगदी मनापासून बोलत असायची. यातली खरी केतकी कुठली, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं.

या ऑफिसात चित्रकादंबरी बनत होती. पडद्यावर चित्र, खाली संवाद, आणि अधूनमधून पात्राने आता काय करायचं ते खेळणाऱ्याने निवडायचं. नाव होतं 'बसा, चहा घेऊ'. तिची नायिका उल्का एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायची आणि तिला आता काहीच सुचत नसायचं. मारामारी नाही, खून नाही. उल्का चहा पिते, खिडकीतल्या कुंडीला पाणी घालते, साहेबांची बोलणी खाते, सहकाऱ्यांशी गप्पा मारते. लोकांना ती इतकी आवडली, की दिवसभर ऑफिसात पिचून घरी आलेली माणसं जेवणं उरकून पुन्हा उल्काच्या ऑफिसात जाऊन बसायची. आता याला काय म्हणावं?

उल्काला काही सुचत नव्हतं, आणि पहिला भाग संपता संपता तिच्या कर्त्यांचीही तीच गत झाली होती. तेव्हा ही उमेद-पट्टी आली. माणसाला भराभर सुचत असतं तेव्हा मेंदूतल्या विजेची एक विशिष्ट लय असते. पट्टी त्या लयीचा ठसा घेऊन तिला जोडलेल्या यंत्रात ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेंदूला हलक्या हाताने पुन्हा त्याच लयीत आणायची. आधी ज्याचा ठसा त्यालाच मिळायचा. पण दमलेल्या मेंदूचा ठसा पाणचट निघतो, त्याने काही जमेना. शेवटी मालक रणधीर मंडलिकने शक्कल लढवली. एखाद्या दिवशी ज्याचा ठसा सगळ्यात दाट निघेल तो घ्यायचा, सकाळी सगळ्यांना तोच लावायचा, संध्याकाळी त्यातूनच थोडा उद्यासाठी काढून ठेवायचा. घरोघरी दह्याला करतात तेच हे, म्हणून नावही विरजण पडलं. उत्साहावर विरजण पडतं हे सगळ्यांनी ऐकलं होतं, इथे उत्साहाचंच विरजण लावत होते. पहिला ठसा कुणाचा, हे मात्र सांगायचं नाही असं ठरलं होतं. उगाच कुणी शेफारायला नको आणि कुणी हिरमुसायला नको. सगळे हसत हो म्हणाले, केतकीही म्हणाली.

तीन वर्षं झकास गेली. गाडी अडली ती शेवटच्या भागात. उल्का नोकरी सोडून दाराबाहेर पडते, एवढाच प्रवेश लिहायचा होता. केतकी लिहायला बसली की उल्का पर्स घेऊन उठायची आणि काहीतरी निमित्त काढून परत बसायची. हे एकट्या केतकीचं नव्हतं.

"नाझनीन, दार उघडं काढ ना गं," ती चित्रकार नाझनीन मुजावरला म्हणाली.

"उघडंच काढते. रंगवायला घेतलं की बंद होतं," नाझनीन म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. तिने तशी चित्रं दाखवली. प्रत्येक चित्रात उल्का आतल्या बाजूला आणि दार लावलेलं.

"आपण सहा वाजता काय करतो, पाहिलंयस का कधी?" केतकीने विचारलं.

नाझनीनने पाहिलं नव्हतं, म्हणून त्या संध्याकाळी दोघींनी मुद्दाम पाहिलं. सहा वाजले तशी जो तो आवराआवर करू लागला, पण निघेना कुणीच. एकाला चार्जर सापडेना, दुसरा डबा विसळायला गेला तो तिकडेच रमला. रणधीर स्वतःच्याच केबिनच्या दाराशी मोबाईल बघत उभा होता आणि मोबाईलचा पडदा बंद होता. केतकीला हसू येत होतं, पण तिची स्वतःची पर्सही अजून टेबलावरच होती.

आणखी एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. एक प्रवेश तिच्या हातून पुन्हापुन्हा लिहिला जायचा. उल्का घरी येते, चहा टाकते, दोन कप मांडते, मग त्यातला एक उचलून परत मांडणीवर ठेवते. आता उल्काच्या घरी आईवडील, भाऊ, वहिनी, भाचरं, नुसता गोतावळा. तिच्या घरी दोन कपांचा चहा कधी झाला नसता. केतकी तो प्रवेश पुसायची आणि पुढच्या आठवड्यात तोच पुन्हा लिहायची.

दिवाळीनंतर दिगूअण्णा कामावर आले. दिगंबर तेरदाळे, ऑफिसातले सगळ्यात वडीलधारे, खेळातले आवाज करायचे. कपबशीचा किणकिणाट, पंख्याची घरघर, जिन्यावरची पावलं, सगळं अण्णांचं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते दीड महिना रजेवर होते. आल्या आल्या कानाला हेडफोन लावून ते नवे प्रवेश बघू लागले. केतकीकडून तो दोन कपांचा प्रवेश एकदा पुसायचा राहून गेला होता, नेमका तोच समोर आला. अण्णांचा हात थांबला.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. चुकून राहिलंय अण्णा, काढून टाकते."

"असू दे. बस की जरा." त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "तुला हे कसं ठाऊक? दोन कपांचं?"

"मला काही ठाऊक नाही. नुसतं हाताला येतं."

अण्णांनी तो प्रवेश पुन्हा पहिल्यापासून लावला. मग नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "सुलभा गेली, तिचे दिवस झाले आणि मी कामावर आलो. त्या दिवशी मी एका बैठकीत तीन प्रवेशांचे आवाज केले. रणधीर म्हणाला, अण्णा, काय उत्साह आहे तुमचा. उत्साह कसला आलाय बाळ. मला घरी जायचं नव्हतं."

केतकीला विरजणाचा तो पहिला ठसा आठवला, कुणाचा ते न सांगितलेला. सगळ्यात दाट ठसा. यंत्राला दाटपणा कळत होता, तो कशाचा आहे हे कुठे कळत होतं? तीन वर्षं रोज सकाळी सगळं ऑफिस एका माणसाचं घरी न जाणं कपाळाला लावून कामाला बसत होतं.

"पुढचं ऐक," अण्णा म्हणाले. "रजेवर घरी होतो, पट्टी नव्हती. एका सकाळी चहा पिऊन झाला आणि ध्यानात आलं, आज आपण एकच कप मांडला. तीन वर्षांत पहिल्यांदा. लोक म्हणायचे, अण्णा, हळूहळू कमी होतं. मला वाटायचं, आपलंच दुःख एवढं चिवट कसं? अगं, रोज सकाळी मला ते ताजं करून मिळत होतं."

केतकीला आधी राग आला, रणधीरचा, यंत्राचा, आणि खरं सांगायचं तर थोडा अण्णांचाही. प्रसन्नला तिने दर रविवारी दुखवलं ते या परक्या दुःखापायी. मग त्या रागाचीच लाज वाटली. आणि या सगळ्याच्या तळाशी, जिला तिने कधी पाहिलंही नव्हतं त्या सुलभावहिनींच्या आठवणीने तिला भडभडून आलं. हे रडू आपलं की अण्णांचं, हे तिला सांगता येईना.

रणधीरला कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "मला खरंच उत्साह वाटला हो, अण्णा," तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. त्याने त्याच दुपारी यंत्र बंद केलं. पट्टीवाल्या कंपनीचं म्हणणं पडलं की परिणाम काही आठवड्यांत ओसरेल.

ते आठवडे फार विचित्र गेले. कुणाला काही सुचेना. केतकी पडद्यासमोर बसून राहायची आणि तिला फक्त दमल्यासारखं वाटायचं, साधं, हाडांपर्यंतचं दमणं, जे तीन वर्षं कुठेतरी मागे उभं होतं. एका दुपारी काहीच न सुचताच तिने लिहिलं की उल्का उठली, पर्स घेतली, दार उघडलं आणि गेली. नाझनीनने चित्र काढलं, आणि या वेळी दार उघडं राहिलं. प्रवेश चांगला झाला की नुसता संपला, यावर दोघींचं एकमत झालं नाही.

पुढच्या सोमवारी केतकीने रणधीरला राजीनाम्याचं ते वाक्य सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. महिनाअखेर चालेल." एवढंच. इतके महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते अर्ध्या मिनिटात उरकलं. तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटत होतंही, आणि नव्हतंही. संध्याकाळी प्रसन्नला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "फळ्या पुसून ठेवतो." ते ऐकून तिला रडू आलं आणि तिने त्याचं कारण शोधायचं सोडून दिलं.

शेवटच्या दिवशी शाल-नारळ झाला, नाझनीनने चित्र दिलं, रणधीरने भाषण अर्ध्यात सोडलं. सगळे खाली आईस्क्रीम खायला गेले तेव्हा अण्णा मागे थांबले. त्यांच्या हातात पट्टी होती.

"यंत्र रिकामं केलंय रणधीरने," ते म्हणाले. "माझा जुना ठसा गेला. जाऊ दे म्हटलं मी. आता पूर्वीसारखा त्रास होत नाही. पण कुलूप उघडताना हात जड होतो तो होतोच. घरात जावंसंच वाटत नाही. तू आज घरी निघालीयस, तुझ्या मनात ओढ आहे. त्यातलं चमचाभर मला ठेवून जाशील का?"

केतकी गडबडली. "अण्णा, मला ओढ आहे ती तिथे प्रसन्न आहे म्हणून. तुमच्याकडे..."

"कुणी नाही. मी रोज बघतो की ते."

"मग मी दिलेली ओढ घेऊन तुम्ही घरी गेलात आणि दार उघडलं, तर?"

"ते माझं मी बघेन. नुसतं जावंसं वाटून बघायचंय एकदा."

नाही म्हणायला काहीच कारण नव्हतं, आणि हो म्हणायची भीती वाटत होती. तिने पट्टी कपाळाला लावली, डोळे मिटले, गडहिंग्लजचं घर आठवलं, पुसलेल्या फळ्या, दारात उभा असलेला प्रसन्न. छातीत काहीतरी हललं. ती ओढ होती, की दमलेल्या जिवाला नुसतं कुठेतरी टेकायचं होतं? अण्णा बाजूच्या खुर्चीत वाट बघत बसले होते. यंत्राच्या पडद्यावर अक्षरं उमटली: ठसा दाट आहे, ठेवायचा का?

तिने डोळे उघडले, बोट बटणापर्यंत नेलं. जिच्या घरी कुणीतरी वाट बघतंय तिची घरी जायची घाई, ज्याची कुणीच वाट बघत नाही अशा माणसाच्या मनात लावून जायची, याला देणं म्हणायचं की आणखी काही?