कडीमागे एक थेंब

सायकलच्या दुकानात ती पहिल्यांदा शिरली ती सायकलवर बसूनच. थांबण्याची तिची पूर्ण इच्छा होती. दोन्ही ब्रेक तिने जीव खाऊन दाबले होते. तरीही सायकल घरच्या माणसासारखी निवांत आत गेली, पंक्चर शोधायच्या पाण्याच्या घमेल्यावर आदळली आणि मगच थांबली. घमेल्यातले अर्धे पाणी समोर उकिडवे बसलेल्या सायकलवाल्याच्या अंगावर उडाले.

तो ओरडला नाही. भुवयांवरून पाणी निथळू देत त्याने आधी तिच्याकडे पाहिले, मग पुढच्या चाकाकडे. मग रिमवरून बोट फिरवून ते नाकाशी नेले.

“तेल... रिमला तेल कुणी लावलं?”

“मी. ब्रेक करकरत होते.”

“आणि आता?”

“आता करकरत नाहीत.”

“थांबतही नाहीत.”

“ती —” ती खाली उतरली आणि शक्य तितक्या सन्मानाने घमेले सरळ करू लागली, “ती वेगळी बाब आहे.”

तो हसला. हसू आधी डोळ्यांत आले आणि बऱ्याच वेळाने ओठांवर पोचले; मधला रस्ता जणू खात्याने खणून ठेवला असावा.

खात्याविषयी इथे सांगणे भाग आहे. ती जुन्या हस्तलिखितांची अभ्यासक होती. ग्रंथसंग्रहालयाच्या तळमजल्यावर बसून तीनशे वर्षांपूर्वीच्या प्रती ताडून पाहायच्या, कोणत्या लेखनिकाने कुठे शब्द गाळला आणि कुठे पदरचा घातला हे धुंडाळायचे, हे तिचे काम. खोटा मजकूर तिला सहन होत नसे. आणि घरापासून संग्रहालयापर्यंतचा एकुलता एक रस्ता हा खोटा मजकूर होता. रस्ते खात्याने तो नळासाठी खणला, मातीने बुजवला आणि दप्तरात ‘डांबरीकरण पूर्ण’ अशी नोंद करून टाकली. त्या कागदोपत्री डांबरावरून ती सोळा महिने, कोरड्या दिवसांत धूळ आणि ओल्या दिवसांत चिखल अंगावर घेत, ये-जा करत होती. तिचा राग थंड जातीचा होता. तो आवाज चढवत नसे, तळटीप देत असे. खात्याला तिने अकरा पत्रे लिहिली होती. अकराही पत्रांना एकच उत्तर आले होते: आपले पत्र पोहोचले.

सायकलवाल्याने सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली, पेडल हाताने फिरवले आणि कान दिला. चेनमधून दाणे भरडल्यासारखा आवाज येत होता.

“चेनलाही तेल तुम्हीच घातलं?”

“भरपूर घातलंय,” ती अभिमानाने म्हणाली.

“चिखलावर?”

“चिखल होताच. तो कुठे जाणार?”

“कुठेच जात नाही. तेलात मुरतो आणि लोखंड खात बसतो.” त्याने चिमटीत थोडा काळा लगदा घेऊन तिच्या तळहातावर ठेवला. “चोळून बघा.”

तिने चोळून पाहिले. वाळूचे कण बोटांना टोचले. धुळीवर ओले काही लावू नये, आधी कोरड्या ब्रशने धूळ काढावी, हा तिच्या कामातला पहिला धडा होता आणि नव्या माणसांना तो तीच शिकवत असे. तिला हे सगळे माहीत होते. फक्त कागदाच्या बाबतीत.

“मला शिकवाल?” तिने विचारले. “मला कुणावर अवलंबून राहायला आवडत नाही.”

“शनिवारी दुपारी या. चिखलासकट.”

*

चिखलाची वाण नव्हती. ती दर शनिवारी जाऊ लागली.

दुकान लांबट होते आणि आतल्या बाजूला अंधारत जाई. छताला टांगलेली चाके वाऱ्याच्या झुळकीने आपापली, कुणी न सांगता, किंचित फिरत. बाहेर पाऊस बारीक पडत असला की त्या फिरणाऱ्या तारांतून उजेड असा झिरपे की समोरची भिंतही हळूहळू वाहते आहे असे वाटावे. तिथे बसून ती आधी वाळलेला चिखल कोरड्या ब्रशने झाडी. मग ओल्या फडक्याने मडगार्ड आणि दांडे पुसी. मग दात घासायच्या जुन्या ब्रशने, रॉकेलमध्ये बुडवून, चेनचा एकेक जोड घासी. चेन कोरडी झाली की तो तेलाची लहानशी कुपी तिच्या हातात देई. देताना बोटे लागत. दोघांपैकी कुणीही त्यावर काही म्हणत नसे.

“दाबायची नाही. नुसती झुकवायची. कडीमागे एक थेंब.”

“एकशे चौदा कड्या आहेत.”

“घाई आहे?”

“...नाही.”

ती उलटे पेडल फिरवी. फ्रीव्हीलची टिकटिक सुरू होई — मऊ, एकसारखी, झोपेच्या काठावर ऐकू यावी तशी — आणि थेंब पडत राहत.

“कड्या मोजल्यात तुम्ही?” एकदा त्याने विचारले.

“मी सगळंच मोजते.”

“मग गेल्या शनिवारी एकशे सतरा थेंब कसे पडले?”

तिचा हात थांबला. “तुम्ही मोजत होतात?”

“मला दुसरं काम नव्हतं.”

त्याच्या पाठीमागे सात सायकली दुरुस्तीसाठी ताटकळत उभ्या होत्या.

“गेल्या शनिवारी,” ती कुपीकडे पाहत म्हणाली, “तुम्ही मधेच शीळ घालत होतात. लक्ष गेलं माझं.”

“बंद करू शीळ?”

“मी असं म्हटलेलं नाही.”

आणि सगळे झाले की कोरड्या फडक्याने चेन पुन्हा पुसायची. हे तिला पटत नव्हते. “इतक्या मेहनतीने घालायचं आणि मग पुसून टाकायचं?”

“आत मुरलं ते कामाचं. वर राहिलं ते धूळ बोलावतं.”

“म्हणजे वरून काहीच दिसता कामा नये?”

“दिसू नये,” तो म्हणाला. “आत असलं की झालं.”

तिने मान वर केली. तो फडक्याची घडी घालण्यात गर्क होता, आणि घडी पाचव्यांदा घालत होता. हे वाक्य चेनविषयीच आहे असे मानायचे तिने ठरवले. जाताना मात्र तिने ते मनात घोळवत नेले, आणि खड्ड्यांतून गचके बसत असताना, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तिला रस्त्याचा राग आला नाही.

एकदा तिच्या धाकट्या बहिणीने तिची सायकल पंक्चर केली आणि स्वतःच दुकानात नेऊन दुरुस्त करून आणली. आल्या आल्या दारातूनच म्हणाली, “ताई, तुझा तो सायकलवाला फार सभ्य आहे गं. ‘ताई, बसा. ताई, पाच मिनिटं.’ समोर एक आजीबाई होत्या, त्यांनाही ताई.”

“माझा नाही तो. आणि सगळ्यांनाच म्हणतो.”

“तुला काय म्हणतो?”

ती उत्तर द्यायला गेली आणि अडली. ताई नाही. बाई नाही. मॅडमही नाही. आठ शनिवारांत त्याने तिला एकदाही काहीही म्हटले नव्हते.

“काहीच नाही,” ती सावकाश म्हणाली.

“अगं बाई!” बहीण पलंगावर बसकण मारत ओरडली. “आणि ही म्हणे गाळलेले शब्द शोधते!”

*

बाराव्या पत्रावर रस्त्यालगतच्या सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, असे तिने ठरवले ते निव्वळ तत्त्व म्हणून. पत्र झणझणीत उतरले होते. सदतीस सह्या घेऊन ती दुकानात आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

त्याने हात पुसले आणि कागद उजेडाकडे धरला. “‘प्रशासकीय विस्मृती’... हे काय असतं?”

“विसरभोळेपणा. मुद्दाम केलेला.”

“हां.” त्याने शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाला, “रस्ता झाला तर चिखल उरणार नाही.”

“तोच तर उद्देश आहे!” मंद विद्यार्थ्याला सांगावे तसे ती म्हणाली.

तो तिच्या सायकलकडे पाहत राहिला. मग अंगठा पुन्हा एकदा पुसून त्याने सही केली. नेहमी खरडतो तशी नाही. सावकाश, एकेक अक्षर वेगळे.

“आभारी आहे,” ती म्हणाली, आणि विजयी मुद्रेने निघून गेली. तीनशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाचा हात कोणत्या ओळीत जड झाला होता हे ओळखणाऱ्या बाईला दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माणसाचा चेहरा वाचता आला नाही. विद्वत्ता म्हणतात ती हीच.

रस्ता नऊ दिवसांत झाला. खात्याच्याच एका बड्या साहेबाची मोटार त्या कागदोपत्री डांबरात आसापर्यंत रुतली होती, असे लोक सांगत. ते काही असो. वाफाळते काळे डांबर पडले, रोलर फिरला, आणि गावाने सुटकेचा नि:श्वास टाकला. पहिल्या सकाळी तिची सायकल त्यावरून इतकी नि:शब्द गेली की आपण झोपेत तर नाही, असे तिला वाटले. संग्रहालयाच्या दाराशी उतरून तिने खाली पाहिले. चाके कोरी होती. मडगार्ड चकचकीत होते. चेनवर धुळीचा कण नव्हता.

तेव्हा तिला कळले.

तो शनिवार तिने घरात काढला. दुसराही. तिसऱ्या शनिवारी बहीण अंगणात आली तेव्हा ताई उकिडवी बसून, बाह्या सरसावून, सायकलला काहीतरी फासत होती.

“ताई... काय करतेयस?”

“काही नाही.”

“कुंडीतली माती आहे ती?”

तिने आणखी एक मूठ मडगार्डवर थापली.

“चिखल लावतेयस तू सायकलला?” बहिणीने खाली वाकून पाहिले. “अगं, यात मुळं आहेत! असला चिखल कुठल्या रस्त्यावर असतो?”

ती आपल्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहत राहिली. कुणी तिच्या हातात अशी प्रत दिली असती — मागाहून मळवलेली, जुनेपणाचा आव आणणारी — तर तिने त्या माणसाला चार ओळींत आयुष्यातून उठवले असते. ती खोटा पुरावा तयार करत होती. का? तर चिखल संपला म्हणून. आणि चिखल संपेल हे एका माणसाने तिच्या आधी ओळखले होते, तोंडावर सांगितले होते, आणि तरीही सही केली होती.

“बादली आण,” ती म्हणाली.

सायकल तिने स्वच्छ धुतली, पुसली, वाळवली. मग भर दुपारी, नव्या रस्त्यावरून, ती निघाली. रिकाम्या रस्त्यावर तिने तीनदा घंटी वाजवली. सायकल बिचारी अगदी सरळ चालली होती.

तो दारातच उभा होता. तिला पाहून पुढे आला. सवयीने वाकला, रिमवर बोट फिरवले.

“काय झालंय हिला?”

“काही नाही.”

“ब्रेक?”

“लागतात.”

“चेन?”

“उत्तम आहे.”

“मग...”

“तुम्ही सही का केलीत?”

तो सरळ झाला. हात पुसायला फडके शोधू लागला. ते त्याच्या खांद्यावरच होते.

“गेल्या महिन्यात रस्त्याच्या वळणावर, चिखलात, पडला होतात तुम्ही. सांगितलं नाहीत. बाही खाली ओढून दोन तास चेन घासत बसलात, आणि कोपर टेकलं की ओठ चावत होतात.” त्याने फडके खांद्यावरून ओढले. “मला शनिवार मिळावा म्हणून तुम्ही चिखलात पडायचं... मला नाही जमलं ते.”

बाहेरून एक सायकल सुळकन गेली. छताची चाके किंचित हलली.

“मी आज सायकलला कुंडीतली माती लावली,” ती म्हणाली.

“...काय?”

“इथे यायला कारण हवं म्हणून. मग धुऊन टाकली. खोटं होतं ते.” तिने सायकल भिंतीला टेकवली. “सायकलचं काही काम नाही. मला यायचं असतं. चिखल असो, नसो. तुमच्याकडे... तुमच्यासाठी. बस, एवढंच आहे.”

त्याचे कान लाल झाले.

“फक्त शनिवारी?” शेवटी त्याने विचारले.

तिने नुसती मान हलवली: नाही.

मग तो आत वळला आणि दुकानाच्या अंधाऱ्या टोकातून स्वतःची सायकल बाहेर घेऊन आला. सायकल उजेडात आली आणि अभ्यासक बाईच्या तोंडून खरोखरीची किंकाळी निघाली. मडगार्डखाली चिखलाचे थर होते, तारा दिसत नव्हत्या, आणि चेन गंजून लाल झाली होती.

“ही — ही तुझी?”

“मी राहतो तिकडे डांबर पोचलेलं नाही. आणि शनिवारची दुपार तेवढी मोकळी असायची...” तो ओशाळून म्हणाला. “ती काही मोकळी राहिली नाही.”

“लाज नाही वाटत? उलटी कर.”

त्याने निमूटपणे सायकल उलटी केली. ती समोर बसली. कोरडा ब्रश तिने न मागता त्याच्या हातातून घेतला; आणि या वेळी बोटे लागली ती कुणीच सोडवून घेतली नाहीत, म्हणून काम बराच वेळ सुरू होऊ शकले नाही.

“तिकडच्या रस्त्यासाठी उद्याच पत्र लिहिते,” ती म्हणाली. “तूही पडता कामा नयेस.”

“म्हणजे हाही चिखल जाणार.”

“जाऊ दे,” ती म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.