बापूंची अकरा कार्डं

एक.
हे खरं आहे. पटलं नाही तर सोडून द्या. मला ते सोडता आलेलं नाही.
शारजा, अल नहदा. जुलै २००१. रात्र नव्हती. शुक्रवारची दुपार, नमाज आटोपलेली, रस्ते ओस.

दोन.
बापू शेजारच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे, देवदत्तकडे राहायचे. आम्ही सुट्टीला निघालो की बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी पार्सल द्यायचंच. त्या वर्षी बापूंनी गोळ्यांचा जुना पत्र्याचा डबा दिला.
आत बारा कार्डं. त्यांच्या लहानपणी डिटेक्टिव्ह गोष्टींच्या एका साप्ताहिकाबरोबर फुकट मिळायची. कार्डावर लाल रेघोट्यांचा गुंता. लाल काच धरली की त्यात लपलेला गुन्हेगार दिसायचा.
"कार्डं माझ्याकडे, काच प्रमोदिनीकडे. बहीण माझी. भांडून वाटणी केली आम्ही." बापू हसले. "पन्नास वर्षांत दोघांनाही गुन्हेगार दिसला नाही. मिरजेला जा. तिच्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या नको."

तीन.
एअरपोर्टवर सामान सहा किलो जास्त भरलं.
"दूध पावडरचे डबे काढायचे नाहीत. आईला कबूल केलंय," साधना, माझी बायको, म्हणाली.
मागून कुणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होतं.
मी लोकांची पार्सलं काढली. बापूंचा डबा पाव किलोचाही नसेल.
तोही काढला.
कचऱ्याच्या पिंपाशेजारी ठेवला. एक कार्ड तेवढं पाकिटात घातलं. मुलाला, अंकुरला दाखवायला, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाच हवं होतं.

चार.
मिरजेला गेलो नाही.

पाच.
परत आलो तर बापू दारातच.
"दिलास?"
"हो. हातात."
"काय म्हणाली?"
"खूश झाल्या. लगेच काच काढली."
काचेचं कुणी विचारलं नव्हतं. मीच जोडलं. अजून कान तापतात.

सहा.
"माहीत आहे मला," बापू म्हणाले. "तिचा फोन येतो ना. दर शुक्रवारी, अडीचला. डबा मिळाला म्हणाली..."
मी बॅग आत सरकवली.
"पण एक कार्ड कमी आहे म्हणते. तू पाहिलंस का रे?"
पाकीट खिशात होतं.
"नाही, बापू."

सात.
लिफ्टमध्ये देवदत्त भेटला. मी त्याच्या प्रमोदिनी आत्यांची तब्येत विचारली.
तो हळू आवाजात म्हणाला, "आत्या मे महिन्यातच गेली. बापूंचं हार्ट वीक, म्हणून घरात कुणी बोललो नाही. तुला तरी सांगायला हवं होतं, सॉरी. प्लीज, तूही बोलू नकोस."
"मग फोन...?"
"कसला फोन? त्यांच्या खोलीत फोनच नाही."
मग त्याने विचारलं, "डबा कुणाकडे दिलास रे?"
दार उघडलं. मी बाहेर पडलो.

आठ.
पुढचा शुक्रवार. अडीच. आमचा फोन वाजला...
अंकुरने उचलला.
"बाबा, समवन इज काउंटिंग. इन मराठी."

नऊ.
मी रिसीव्हर कानाला लावला.
पत्र्यावर नख वाजावं तसा आवाज...
मग एक बाई. सावकाश. आठ... नऊ... दहा... अकरा...
पुढे काही नाही. श्वाससुद्धा नाही.
ती वाट बघत होती.
मी फोन ठेवला.

दहा.
बापूंचं दार माझ्या दारापासून चार पावलांवर. दर शुक्रवारी ठरवायचो, आज सांगायचं. दोन वर्षं ठरवलं.
२००३ला बापू हॉस्पिटलमध्ये होते. माझा हात धरून म्हणाले, "तू तेवढं पोचवलंस. बरं झालं."
मी मान हलवली.
तिसऱ्या दिवशी ते गेले.

अकरा.
नंबर दोनदा बदलला. फोन येतोच.
कार्ड पाकिटात आहे. माझ्याकडे काच नाही, त्यामुळे आत कोण लपलंय ते दिसत नाही. बघायचंही नाही.
द्यायला तयार आहे मी. पण हातातच द्यायचंय ना. कुणाच्या?
गेल्या शुक्रवारी धीर करून उचलला.
आता मोजणारे आवाज दोन आहेत...
अकरावर दोघंही थांबतात.