फ्यूजच्या जागी तुळसा

ही गोष्ट खरी आहे.

मी थापाड्या आहे हे घरचे सांगतीलच. पण ही गोष्ट माझी नाही, जयामावशीची आहे. आणि मावशीला थापा मारायला फुरसत नव्हती.

एकसष्ट सालची संक्रांत तोंडावर आली होती. बाभुळगावहून यवतमाळला येणारा रस्ता. अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती, पिंपळसुद्धा नव्हता. ऊन कलत होतं आणि शेजारच्या शेतात एक म्हातारी कापूस वेचत होती.

भुताने यावं असं तिथे काहीच नव्हतं.

गाडी एका जिनिंगवाल्या शेठची. लढाईतली हिरवी ॲम्ब्युलन्स त्याने लिलावात घेतली आणि तिच्या पोटात घर बसवलं. लोखंडी खाट, स्टोव्ह, भांड्यांची फळी, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. हंगामात यातूनच गावोगाव फिरायचं, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं. शेठ एकदा फिरला, कंबर धरली आणि घरी बसला. मग कापसाचे नमुने आणायला ड्रायव्हर देवराव एकटाच फिरू लागला. सोबत त्याची बायको.

ती माझी जयामावशी. देवरावची दुसरी.

पहिली तुळसा तापाने गेली होती.

आमच्याकडे बिजवराशी लग्न झालं की बाईच्या गळ्यात सवतीचा टाक बांधतात. चांदीचं नखाएवढं पान, त्यावर मेलेल्या बाईची आकृती. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. जेवताना पहिला घास तिचा. म्हणजे मेलेली जळत नाही म्हणतात.

जिवंत जळते का, हे कोणी विचारत नाही.

मावशी जळत होती.

कारण गाडीतली डाव्या हाताची सीट. मावशी तिथे बसली की देवराव सुरू व्हायचा, "तुळसा इथंच बसे. रस्त्यात ढोर आलं की माह्या आधी तिले दिसे. तुले काहून दिसत नाही वं?"

मावशीला ढोर दिसायचं. ते स्टेअरिंग धरून बसलेलं असायचं.

शेवटी ती मागे स्टोव्हपाशीच बसू लागली. गाडी थांबवायची असली की पुढच्या सीटा आणि मागचं घर यांच्या मधल्या पत्र्यावर पळीने एक ठोका मारायची.

ठक.

बोलणं नाही. तेवढंच.

तर त्या दिवशी डॅशबोर्ड मेला. काटे पडले, दिवा गेला, हॉर्न मुका झाला. अंधार पडायच्या आत घर गाठायचं होतं, म्हणून देवरावने बाभुळगावहून उकंडा मिस्त्रीला बोलावलं. उकंडा सायकलवरून आला. देवराव इंजिनासाठी पाणी आणायला विहिरीवर गेला.

उकंडाने बॅटरी पाहिली. ठीक. वायरला बल्ब लावत लावत तो डॅशच्या खाली शिरला आणि तिथूनच बोलला, "फ्यूज उडाला, वैनी. माह्याजवळची तार सरली. एखादी पातळ पट्टी असली तं द्या. तांबं, पितळ, कायबी."

मावशीचा हात गळ्याशी गेला.

"चांदी चालते?"

"चांदीतून तं करंट पाण्यावानी जाते."

तिने टाक सोडला आणि त्याच्या हातावर ठेवला. उकंडाने तो उलटा करून पाहिला.

"वैनी, हे तं सवतीचं दिसते."

"चांदी दिसते ना? मंग बसवा. तिले समोर बसाची लय हौस होती."

उकंडाला बाकी कशाशी मतलब नव्हता. त्याने पान चिमट्यात दाबलं. सगळे काटे एकदम उभे राहिले.

देवराव परतला तेव्हा गाडी झकास चालू होती आणि मावशी डाव्या सीटवर बसली होती. गळा मोकळा. लग्नानंतर पहिल्यांदाच.

थोडं पुढे गेल्यावर देवराव म्हणाला, "जया, आज बरी दिसून राह्यली वं."

आणि…

हॉर्न वाजला.

एकच. लांब.

देवरावने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. हॉर्नला बोट लागलं नव्हतं. रस्त्यावर ढोर नव्हतं, माणूस नव्हता.

"वायर चिकटली असन," तो म्हणाला.

तिथून ते सुरू झालं.

गाडी बंद, किल्ली देवरावच्या खिशात, आणि तरी… डॅशचा पिवळा दिवा लागलेला. उजेड फक्त डाव्या सीटवर. मावशी सीटवर बसली की अँपिअरचा काटा सरकत सरकत खाली जायचा. उठली की वर.

संक्रांतीला देवरावने तिला काळं लुगडं घेतलं. ती नेसून पुढे आली आणि गाडीतले सगळे दिवे गेले.

मावशीने देवरावची पाठ फिरलेली पाहिली. पदर डॅशबोर्डपुढे धरला.

"घे. पाह्य एकदाची."

काही वेळ काहीच नाही. मग… दिवा हळूच लागला. नीट, निरखून पाहावं तसा.

मावशी सांगायची, "मले भेव नाही वाटलं रे. मले राग आला. लुगडं माह्या नवऱ्यानं घेतलं होतं."

खरा घाव पुढे होता. हॉर्न आता ढोरं दिसायच्या आधी वाजू लागला. वळणापलीकडची म्हैस असो, झुडपातली बकरी असो. देवराव खूश.

"गाडी कशी शहाणी होऊन राह्यली," तो म्हणाला. मग जरा थांबून, हळू आवाजात, "तुळसा अशीच सांगे."

मावशीने त्याच दिवशी उकंडाला निरोप धाडला.

उकंडा आला, त्याने फ्यूजचं झाकण काढलं आणि म्हणाला, "वैनी, टाक कुठं गेला?"

चिमटे रिकामे होते.

टाक नव्हता. खाली पडलेला नव्हता, वितळलेला नव्हता. मध्ये नुसती हवा. आणि वर… डॅशचा दिवा चालू.

"बॅटरी काढा," मावशी म्हणाली.

उकंडाने बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या.

दिवा चालू.

"टाक इथं कोणं बसवला होता?" देवरावने विचारलं. आत्ता त्याला कळत होतं.

"मी," मावशी म्हणाली. "तुम्हाले ती समोर पायजे होती ना. घ्या."

उकंडाने पान्हे पिशवीत भरले. "भाऊ, माह्या विद्येत हे बसत नाही," म्हणाला आणि सायकल हातात धरून पळत गेला. सायकलवर बसायचं राहूनच गेलं त्याचं.

देवरावने गमछा काढला आणि डाव्या सीटवरची धूळ पुसली.

ते पुसणं पाहिलं आणि मावशी मागे गेली. नंतर कधीच पुढे बसली नाही.

एकदाच बरा दिवस आला. देवरावने वाटेत एका शाळेच्या बाईंना बसवून घेतलं. बाई डाव्या सीटवर, देवराव हसून हसून बोलतोय, आणि हॉर्न जो सुरू झाला तो बाई उतरेपर्यंत. मागे मावशी पोट धरून हसत होती. त्या रात्री तिने पहिला घास काढून ठेवला तो मनापासून. कोणी सांगितलं नव्हतं, आणि गळ्यात टाकही नव्हता.

सदुसष्ट साली मावशीही गेली. काविळीने. तिची भांडी आईने आमच्याकडे आणली.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगतो.

गेल्या साली देवरावकाकाला तिसरी सांगून आली. राजूरच्या कांताबाई. बघायला त्या यवतमाळला आल्या तेव्हा काकाने त्यांना शेठच्या आवारात नेलं, गाडी दाखवायला. मीही होतो. गाडी विटांवर उभी. चाकं नाहीत. बॅटरी कधीच शेठच्या रेडिओला लागलेली. मागच्या घराला कुलूप, त्यावर गंज.

कांताबाई डाव्या सीटवर बसल्या. साधी, स्पष्ट बाई. म्हणाल्या, "आधी सांगा, मले टाक किती घालाचे? एक का दोन?"

काका लाडात आला. "एकबी नाही. तू नवी. तुले कायले जुन्याची कटकट?"

आणि…

हॉर्न वाजला. लांब.

काकाचा चेहरा उतरला, पण त्याला ते सवयीचं होतं. तो हसायचा प्रयत्न करत होता.

तेवढ्यात मागून… मधल्या पत्र्यावर…

ठक.

एकच. आखूड.

कांताबाई काही न विचारता उतरल्या आणि स्टँडकडे चालू लागल्या. काका मात्र बसून राहिला. एकदा डावीकडे पाहायचा, एकदा मागे. दोघींच्या मधोमध.

मी घरी आलो आणि सरळ चुलीपाशी गेलो. मावशीची पळी खुंटीला होती. हातात घेतली. पळीच्या पाठीला हिरवा रंग लागला होता. त्या गाडीचा.

आई म्हणाली, "जुनाच असन."

असेल.

पण आई ती पळी रोज राखेने घासते.