सातवं चॅनेल रिकामं होतं

हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. माझा धाकटा भाऊ वुकोमान त्यातून वाचला. अजून तरी वाचला असंच म्हणते.

रात्र नव्हती. मार्चमधली भर दुपार होती. सर्बियात, मोरावा नदीच्या काठी आमची फाउंड्री आहे, लोखंड वितळवून ओतायचा कारखाना. मी तिथे इलेक्ट्रिकल बघते. वुकोमान भट्टीवर असतो.

त्याआधीच्या हिवाळ्यात रादिसावकाका गेले. वुकोमानला काम त्यांनीच शिकवलं होतं. भट्टीच्या भिंतीत तापमान मोजणारे सात सेन्सर होते. सातव्याची तार जळाली, आणि ते सेन्सर वाचणारं जुनं मॉड्यूल शेवटचा आकडा धरून बसलं. स्क्रीनवर सगळं ठीक दिसत होतं.

आणि भिंत फुटली...

वितळलेलं लोखंड थेट काकांच्या अंगावर आलं. किंकाळी अर्धीच ऐकू आली. शवपेटीत आम्ही एक बूट आणि पट्ट्याचं बकल ठेवलं.

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे गेटवर त्यांचा फोटो असलेला मृत्यूचा कागद लागला. दर पाळीआधी वुकोमान राकियाचा, आमच्याकडच्या फळांच्या दारूचा, पहिला घोट त्यांच्या नावाने जमिनीवर ओतायचा. "काका, लक्ष ठेवा हं."

भट्टी नव्याने बांधली. या वेळी सेन्सर सहाच बसवले. मॉड्यूल निवडायचं काम माझ्याकडे आलं. त्यात प्रत्येक सेन्सरची तार जोडायला एकेक चॅनेल असतं.

"स्वस्तातलं घे गं," आमचे मॅनेजर त्रिफुन साहेब म्हणाले. "आकडे दाखवतं ना? झालं तर!"

"साहेब, त्यात सगळी चॅनेलं आतून जोडलेली असतात. एकाचं व्होल्टेज दुसऱ्यात झिरपतं. शिवाय तार तुटली तरी कळत नाही. काका कशाने गेले?"

"डबा निवडतेयस की जावई?"

मी ऐकलं नाही. भांडून चांगलं मॉड्यूल आणलं. आठ चॅनेलं, प्रत्येक बाकीच्यांपासून पूर्ण अलग. तार नसेल तिथे स्क्रीनवर सरळ लाल अक्षरात 'तार तुटली'. सहा चॅनेलं जोडली. सातवं आणि आठवं रिकामं ठेवलं.

बटण दाबलं. सहा आकडे आले. आठव्यावर 'तार तुटली'.

सातव्यावर...

३६.६.

निरोगी माणसाच्या अंगाचं तापमान!

मी स्क्रू तपासले. तार नव्हतीच. मॉड्यूल काढून त्याच जातीचं दुसरं लावलं.

३६.६.

स्वस्तातलं घेतलं असतं तर म्हटलं असतं, झिरपलं कुठून तरी. मला शांत झोप लागली असती. पण यात काही झिरपूच शकत नव्हतं.

त्याच दुपारी भट्टी पहिल्यांदा पूर्ण तापवली. वुकोमान वर चौथऱ्यावर उभा राहून लोखंडावरची मळी काढत होता. मी केबिनमध्ये स्क्रीनसमोर होते.

सहाही आकडे जागेवर होते.

सातवा हलला... ३८... ४१... ६०...

मी धावत सुटले. "वुको, खाली उतर! आत्ताच्या आत्ता!"

तो उतरला. माझ्या आवाजालाच घाबरला असावा.

त्रिफुनने त्याची कॉलर धरली. "ओतायची वेळ झालीय! लोखंड आत थिजलं तर तुझा बाप येणार फोडायला?" आणि त्याला परत शिडीवर ढकललं.

माझ्या हातात पाना होता. मी तो त्रिफुनच्या खांद्यावर हाणला. त्याने वळून माझ्या तोंडावर अशी ठेवून दिली की ओठ फाटला. वुकोमान त्याच्यावर धावून गेला. त्रिफुनने त्यालाही भिंतीवर आपटलं आणि त्याच्या हातातली सळई हिसकावली.

"रिकाम्या चॅनेलला घाबरता? भेकड कुठले!"

आणि तो स्वतःच वर चढला.

काही क्षण काहीच झालं नाही. मग सगळा आवाज थांबल्यासारखा वाटला...

भिंत फुटली. जिथे पूर्वी सातवा सेन्सर होता, बरोबर तिथेच.

वितळलेलं लोखंड चौथऱ्यावर पसरलं. त्रिफुनचे आधी पाय गेले. तरी तो उभाच होता, गुडघ्यांवर. मग त्याहून आखूड. ओरडत होता आणि तोंडातून धूर येत होता. वुकोमान वाचवायला निघाला. मी त्याला कवेत घेऊन जमिनीवर पाडलं आणि त्याच्यावर पडून राहिले.

आवाज बंद झाल्यावर मी केबिनमध्ये गेले. सातव्यावर 'तार तुटली' असं आलं होतं.

गेटवर दुसरा फोटो लागला. भट्टी पुन्हा सुरू झाली त्या दिवशी मी वुकोमानला म्हटलं, "साहेबांसाठीही ओत रे एक घोट. तुझ्या जागी गेलेत ते."

"त्याच्यासाठी? ज्याने तुझं तोंड फोडलं? थेंबसुद्धा नाही, ताई."

बाकीचे हसले. त्रिफुनसाठी कुणीच ओतलं नाही. मीही नाही.

आता परवाची गोष्ट. पुन्हा हिवाळा आलाय. भट्टी दुरुस्तीसाठी बंद आहे, गार पडली आहे. बाहेर बर्फ होतं. वुकोमान माझ्या केबिनमध्ये कॉफी पीत बसला होता. मी सवयीने स्क्रीनकडे पाहिलं.

सातव्यावर 'तार तुटली'.

आठव्यावर...

३६.६.

मी कपाटातली राकियाची बाटली काढली आणि त्रिफुनच्या नावाने सगळी जमिनीवर ओतली.

"अगं, वेड लागलं का?" वुकोमान हसला.

३८...

त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं. "ताई, खिडकी उघड ना. केवढं उकडतंय!"

खिडकी उघडीच होती.

३९...

मी मॉड्यूलची वायर उपटली. स्क्रीन काळी झाली. वुकोमानच्या कपाळावरचा घाम मात्र थांबला नाही.

डॉक्टर म्हणतात, साधा ताप आहे. तो आत्ता शेजारच्या खोलीत झोपलाय. आई दारातून सारखी म्हणतेय, रुझा, एकदा थर्मामीटर लावून बघ.

आयुष्यभर मी तापमानंच मोजत आले. थर्मामीटर माझ्या हातात आहे, आणि मला त्या खोलीत जायची भीती वाटते.