उंच धरलेला मोदक

“उजवा हात वर उचला.”

तपासणीच्या खोलीतला सलिल डॉक्टरांचा तो आवाज लवूच्या कानातून जात नव्हता.

“खांद्यापर्यंतही गेला नाही हो, ताई. डॉक्टरांनी धरून उचलला तर गेला. सोडला नि पडला,” तो उमाताईंना सांगत होता.

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पिंप अंगावर आल्यापासून लवूचा हात असा लटकत होता. भरपाईच्या दाव्यात कंपनीने नेमलेल्या सलिल डॉक्टरांनी मात्र अभिप्राय दिला होता: खांदा धडधाकट, माणूस लबाड. परवाच्या तारखेला तो मान्य झाला की नोकरी गेली, नि अब्रूही.

रत्नागिरीत खाजगी तपास करणाऱ्या उमाताई मदतनीस श्रीपतीला घेऊन दवाखान्यात गेल्या.

“स्वतः पाहिलंय मी,” डॉक्टर हसले. “तपासताना कण्हत होता. निघताना गणपतीचा मोदक पुढे केला, तर उजवा हात पार माझ्या खांद्याइतका वर! दुखत असता तर डावा नसता आला?”

श्रीपतीला ते पटलं. “बेरकीच निघाला की आपला लवू!”

बाहेर दवाखान्यातली काशीमावशी लादी पुसत होती.

“लवू? वळणाचा माणूस! मोदक घेताना डावा हात उजव्या कोपराखाली धरलान, डोळे मिटलान. डॉक्टरांनी मोदक केवढा उंच धरलेला, पण तक्रार नाही केलान.”

दुसऱ्या दिवशी उमाताई लवूलाच घेऊन आल्या. डॉक्टरांच्या टेबलावरचा पेढा त्यांनी उंच धरला.

“डावा हात पाठीमागे ठेव. आता घे.”

उजवा हात टेबलाच्या कडेशीच अडला. श्रीपतीने मान खाली घातली.

“डाव्या हाताने प्रसाद घेणारा माणूस पाहिलाय तुम्ही, डॉक्टर?” उमाताई म्हणाल्या. “ उजवाच पुढे येणार, आणि रीतीप्रमाणे डावा त्याच्याखाली. त्या डाव्यानेच उजवा उचलला. स्नायू तुटला की हात आपणहून वर जात नाही, दुसऱ्याने उचलला तर जातो. हे हाडांच्या डॉक्टरला मी शिकवायचं? सोडलेला हात पडताना तुम्ही पाहिलात, तरी मोदक उंच धरलात. देवाच्या नावाने सापळा लावलात, आणि अभिप्रायातून डावा हात तेवढा गाळलात.”

“न्यायालयात सांगणार कोण? हा? याचं ऐकतंय कोण!”

“मी सांगेन,” दारातून काशी म्हणाली. “लवू, उद्या मी येते हो.”

“मग इथे पुन्हा पाऊल टाकू नकोस. दुसऱ्या दवाखान्यातही कोणी ठेवणार नाही, बघतोच मी.”

काशीने किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

सकाळी श्रीपती तिला आणायला गेला, तर घराच्या दाराला कुलूप. चढावर, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेत, काशी एकटीच न्यायालयाकडे जाणाऱ्या एसटीच्या थांब्याकडे निघाली होती.