बारशाआधीची हाक

दूध पिणं ही शिकवायची गोष्ट आहे असं सांगितलं की लोक हसतात. माझा सख्खा भाऊ दर नाताळला विचारतो, "थोरा, माशांना पोहायला शिकवायला पण कुणी ठेवलंय का गं तुमच्या इस्पितळात?" मी त्याच्या ताटात बटाटे वाढते आणि सोडून देते. शहाण्याला शब्दाचा मार, आणि माझा भाऊ त्यातला नाही.

दिवस भरायच्या आत आलेल्या बाळाला चोखता येतं, गिळता येतं, श्वासही घेता येतो. फक्त तिन्ही एका लयीत जमत नाही. गिळायच्या वेळी श्वास घेतला की ठसका लागतो आणि ठसक्यामागून ओठ निळे पडतात. म्हणून बाळाला कुशीवर कसं धरायचं, बाटली कधी खाली करायची, त्याच्या वतीने दम कधी खायचा, हे मी आईबापांना शिकवते. आणि बोलायला शिकवते, तेही आईबापांनाच. बाळ चार घोट घेतं आणि थांबतं. त्या थांब्यात आईने बोलायचं; बाळ चोखायला लागलं की गप्प व्हायचं. माणूस आयुष्यातल्या पहिल्या गप्पा अशा दुधावर मारतो. रेक्याविकच्या आमच्या वॉर्डात मी हेच वर्षानुवर्षं सांगत आले आहे आणि ते कधी खोटं ठरलेलं नाही.

स्वालाची मुलगी फेब्रुवारीत यायची, ती नोव्हेंबरातच आली. स्वाला पोहण्याच्या तलावावर पोरांवर शिट्ट्या मारणारी, मोठ्या आवाजाची, मोकळी बाई. नवरा कौरी मासेमारीच्या बोटीवर, दूर उत्तरेला. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, एक आईची आणि खिडकीजवळ एक बापाची. बापाची रिकामी असायची. खाटेवरच्या पाटीवर लिहिलं होतं 'मुलगी', आणि खाली स्वालाचं नाव.

आमच्याकडे बारशापर्यंत आईबाप बाळाचं नाव ओठाबाहेर काढत नाहीत. ठरलेलं असतं, पण आजीलासुद्धा सांगत नाहीत. त्यामुळे वॉर्डात सगळे नुसते 'मुलगा' आणि 'मुलगी'. माझ्या कामात हा रिवाज म्हणजे डोकेदुखी आहे. बाळाला हाक हवी असते.

"निदान तिच्या कानात तरी सांग," मी स्वालाला म्हणायची. "मी माझे कान झाकते हवं तर."

"तू बाटली बघ थोरा, नावाचं मी बघते. बारशाआधी नाव काढलं तर आजी मला माझ्याच तलावात बुडवेल."

जानेवारीतली ती सकाळ मला नीट आठवते. दहा वाजून गेले तरी बाहेर काळोख होता. नुकताच कुणीतरी जमिनीखालून येणाऱ्या गरम पाण्याचा नळ सोडला होता आणि खोलीत गंधकाचा वास भरला होता. मुलगी स्वालाच्या मांडीवर कुशीवर होती. चोखत होती, थांबली. स्वाला बोलू लागली, "काय गं माझे मासोळे, दमलीस?" मुलीची नजर आईच्या तोंडावर यायला हवी होती. ती आईच्या खांद्यावरून गेली आणि बापाच्या खुर्चीवर थांबली. स्वालाचं वाक्य अर्ध्यात असतानाच ती पुन्हा चोखायला लागली.

पुन्हा थांबली. पुन्हा खुर्ची. या वेळी बराच वेळ.

मी शोध घेणारी बाई आहे. खिडकीची फट पाहिली, भिंतीतल्या नळ्यांना कान लावला, खुर्चीवर दिव्याची सावली, चमक काही पडते का तेही पाहिलं. काही नव्हतं. ओल्या लोकरीचा वास तेवढा येत होता, आणि हिवाळ्यात आमच्या शहरात तो कुठे येत नाही! पण मला टोचत होते ते थांबे. इतर बाळांचे थांबे साधारण सारखे असतात. हिचे कधी आखूड, कधी लांब. फोनवर दुसऱ्याचं ऐकून घेणारा माणूस थांबतो, तसे.

"तिला बाप आठवतो," परिचारिका दाग्नी म्हणाली. दाग्नीला सगळ्यावर उत्तर असतं.

"बाप तिने दोनदा पाहिलाय, तेही काचेतून."

"मग तुला माहीत असेल ती काय बघते ते."

स्वालाच्या मात्र मनात पाल चुकचुकली. बापाच्या खुर्चीकडे बाळ टक लावून बघतंय आणि बाप समुद्रात. तिने बोटीवर फोन लावला. कौरी ठणठणीत होता, जेवत होता, उलट हिलाच हसला. स्वाला रडली आणि मग स्वतःला शिव्या घालत माझ्या वाटणीची कॉफी पिऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची बाहेर ठेवायला लावली. मुलगी प्यायलीच नाही. दूध ओठांतून गळत राहिलं आणि ती दाराकडे बघत राहिली. खुर्ची आत आणली, तेव्हा प्यायली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मी दाग्नीला सांगितलं. खुर्ची मात्र मी पुन्हा हलवली नाही.

त्याच सुमारास स्वालाने आम्हाला स्वप्न सांगितलं. ओल्या लोकरीतली एक बाई येते, कौरीच्या खुर्चीत बसते आणि एक नाव सांगते. दुसरं काही बोलत नाही.

"नाव मागायला आलीय," दाग्नी लगेच म्हणाली. "गेलेलं माणूस असं येतं, आपलं नाव बाळाला द्या म्हणून. अशाला परत पाठवू नये, स्वाला."

"मी पाठवलं," स्वाला म्हणाली. "सांगितलं, माझ्या मुलीचं नाव ठरलंय, तू दुसरं घर बघ."

नाव काय, ते तिने आम्हाला सांगितलं नाही.

मुलीचं वजन हळूहळू वाढत होतं. स्वाला बाजूच्या खोलीत दूध काढायला गेली की मुलीला मी पाजत असे. एकदा ती थांबली, खुर्चीकडे बघू लागली, आणि तो थांबा संपेचना. यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा उतरू लागला. इतका वेळ श्वास न घेता कुणाचं ऐकू नये. मी बाटली काढली, तिच्या पाठीवर थोपटलं. हाक मारायला नाव हवं होतं आणि माझ्याकडे नाव नव्हतं. मग जे तोंडात आलं ते मी घेतलं.

"साल्व्होर," मी म्हणाले. "साल्व्होर, चल, श्वास घे."

हे नाव कुठून आलं, सांगता येत नाही. जुनं नाव आहे, आता फारसं कुणी ठेवत नाही. माझ्या नात्यात, शाळेत, शेजारात एकही साल्व्होर नव्हती.

मुलीची नजर चमकली, खुर्चीवर गेली, परत आली. तिने श्वास घेतला, बाटली धरली आणि तळापर्यंत प्यायली. ठसका नाही, गळती नाही. मला काय आनंद झाला! मी मनात म्हटलं, बघा, मी सांगत होते, बाळाला हाक लागते. त्यानंतर आम्ही दोघीच असलो की मी तिला साल्व्होर म्हणायची, आणि ती कधीही पूर्ण प्यायल्याशिवाय राहिली नाही.

एके दिवशी स्वाला लवकर परत आली. हातात दुधाची बाटली घेऊन दारात उभी राहिली.

"कुणी सांगितलं तुला?"

"काय?"

"ते नाव."

"असंच गं. टोपणनाव म्हणून."

"असंच?" तिचा तलावावरचा आवाज पार खाली गेला होता. "मी ते कुणालाही सांगितलेलं नाही, थोरा. दाग्नीला नाही. कौरीला नाही. ती बाई हेच नाव सांगते."

मी काहीतरी योगायोगाबद्दल बोलले. माझं मलाच ते पटत नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचा रागही येत होता.

"पुन्हा घेऊ नकोस," स्वाला म्हणाली. मी घेतलं नाही.

मुलीने पिणं सोडलं.

तोंडात घ्यायची, चोखायची नाही. नाकातली नळी पुन्हा आली. स्वालाने हट्ट सोडून तिच्या कानात ठरलेलं नाव सांगितलं. मी खरंच कान झाकले. मुलगी छताकडे बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पोटातून नळी घालावी लागेल, शस्त्रक्रिया करून. एवढ्याशा जीवाला. स्वालाने घरच्यांकडे चौकशी केली, दोन्ही घराण्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. साल्व्होर नावाची बाई कुणालाच माहीत नव्हती.

मग कौरी आला. विमानतळावरून थेट, दाढी वाढलेली, काखेत सुक्या माशांची पिशवी.

"दे इकडे," तो म्हणाला. "बापाच्या हातचं पिते की नाही बघू. तुम्ही बायका फार बोलता."

तो हसत हसत आपल्या खुर्चीत बसला.

मुलगी स्वालाच्या हातात होती. तिला दूध दिलेलंही नव्हतं. तिचा चेहरा आक्रसला, तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

ओठ निळे झाले. मग कपाळ.

यंत्र ओरडू लागलं. दाग्नी धावत आली. मी पाठ चोळत होते, पाय चोळत होते.

"ऊठ," स्वाला म्हणाली.

"काय?"

"कौरी, ऊठ तिथून!"

तो उठला. मुलीने श्वास घेतला नाही.

स्वालाने खुर्चीकडे पाहिलं. आमच्यापैकी कुणाकडेही नाही, खुर्चीकडे.

"घे," ती म्हणाली. "घे नाव. दिलं. तिला सोड."

मुलगी रडली. इतकं खणखणीत रडणं मी त्या वॉर्डात क्वचितच ऐकलंय.

बारसं त्याच आठवड्यात झालं, तिथेच, स्टीलच्या वाडग्यात पाणी घेऊन. पाद्रीबाईंनी नाव विचारलं आणि स्वालाने ते सांगितलं. दोन्हीकडचे आजी-आजोबा, दाग्नी, मी, सगळे त्या छोट्या खोलीत खेटून उभे होतो. कौरीच्या वडिलांचे गुडघे दुखत होते. खुर्ची रिकामी होती आणि त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. केसांतलं पाणी वाळायच्या आत मुलगी अख्खी बाटली प्यायली. महिना संपायच्या आत ती घरी गेली.

अशा मुलांना आम्ही पुढेही बोलावतो, भाषा कशी येतेय ते बघायला. स्वाला तिला घेऊन आली ती पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये. खिडकीतून ऊन आत येत होतं. मुलगी गुटगुटीत झाली होती, आईचे खांदे, बापाची हनुवटी. मला इतकं बरं वाटलं की मी तिला उचलून घेतलं. मग तिला जमिनीवर ठोकळे देऊन बसवलं. माझ्या खोलीत तीन खुर्च्या असतात. एकीवर स्वाला होती, एकीवर मी.

पहिली चाचणी सोपी असते. मूल खेळात असताना मागून त्याला नावाने हाक मारायची.

"साल्व्होर," मी म्हणाले.

ती वळली नाही. तिने मान वर केली, तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं, जरा थांबली आणि पुन्हा ठोकळे रचू लागली.

"घरी पण असंच," स्वाला म्हणाली. तिचा आवाज आता लहान झाला होता. "दुसऱ्या कुणाला हाक मारली की आपण कसं बघतो, तसं बघते."

"मग तुम्ही आधी ठरवलं होतं ते नाव वापरा की. घरातल्या घरात."

स्वाला मुलीच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळत राहिली.

"आठवत नाही," ती म्हणाली. "कौरीलाही नाही. आम्ही रात्र रात्र बसून शोधलं होतं, थोरा. छान नाव होतं."

खोलीत ओल्या लोकरीचा वास होता आणि बाहेर आठवडाभर पाऊस नव्हता. मी घसा साफ केला आणि पुन्हा, जरा मोठ्याने, हाक मारली.

"साल्व्होर!"

मुलीने ठोकळा खाली ठेवला. खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बहिऱ्या माणसाला सांगावं तसं, माझ्यावर जराशी वैतागून, खुर्चीकडे बोट करून ती म्हणाली,

"ओ दिली."

दोन शब्दांचं वाक्य. त्या वयात, त्यातून दिवस भरायच्या आत आलेल्या मुलांत, हे फार चांगलं लक्षण मानतात. मी स्वालाला तसं सांगितलं.