घर नंबर १३२ मधलं सातवं माणूस

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायचा माझा हट्ट नाही. पण मी आकडेवारीतली बाई आहे, मीठमसाला लावून सांगणं मला जमत नाही. गावाचं नाव तेवढं बदललंय.

आणि रात्र वगैरे नव्हती. या जानेवारीतली दुपार होती, सव्वातीन वाजले होते.

दिल्लीहून पानिपतला जाताना हायवे सोडून आत वळलं की एक कसबा लागतो. आपण त्याला खेडकी सराय म्हणू. पूर्वी तिथे वाटसरूंसाठी सराय होती, तिच्याभोवती वस्ती झाली, पुढे नगरपालिका आली. नावाला नगरपालिका. बाकी म्हशी, गोवऱ्या आणि मोहरीची शेतं.

पालिकेला गावाचा इतिहास, लोकसंख्या आणि घरोघरच्या माणसांची नावं देणारी पुस्तिका काढायची होती. ते काम आमच्या दिल्लीतल्या, मयूर विहारच्या छोट्याशा ऑफिसला मिळालं. इतिहास दोन पानांत आटोपला. माणसं मात्र घरोघरी जाऊन मोजायची होती.

आमची पद्धत सोपी. एक जण घरं मोजून येतो. दुसरा, पहिल्याची यादी न बघता, तीच घरं पुन्हा मोजतो. संध्याकाळी दोन्ही याद्या जुळवायच्या. पहिली फेरी माझ्या सहकाऱ्याची, नीरजची, दुसरी माझी. सात वर्षांत माझा आकडा कधी चुकला नव्हता, आणि हे मी नीरजला दिवसातून दोनदा ऐकवायचे.

त्या दुपारी धुकं विरलंच नव्हतं. गल्लीत चिटपाखरू नाही.

घर नंबर १३२. दार अर्धवट उघडं. आत हातमाग चालू होता... खट खट... खट खट...

मी कडी वाजवली.

आवाज थांबला.

दारात एक मुलगी आली. अकरा-बारा वर्षांची. दोन वेण्या, निळा स्वेटर, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.

"कोई बड़ा है घर में?"

तिने मान हलवली. "खेत में."

"अच्छा, तो तू बता. कौन कौन रहता है?"

तिने आधी आईचं नाव सांगितलं. सरबती. मग बाबा, आजोबा, आजी, दोन भाऊ. भावांची वयंसुद्धा, महिन्यांसकट. कुठेही अडखळली नाही. मला जरा नवल वाटलं. तिकडे घरातल्या बाईचं नाव सगळ्यात शेवटी येतं.

"और तू? तेरा नाम?"

तिने बाह्या आणखी खाली ओढल्या.

"बोल ना बेटा, लिखना है."

ती माझ्या हातातल्या फॉर्मकडे बघत राहिली. भुकेल्या पोराने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तशी...

लाजत असेल, असं मला वाटलं. मी लिहिलं, 'मुलगी, अंदाजे ११'. नावाची जागा कोरी ठेवली. माझ्या फोन नंबरची पावती पुढे केली. तिने घेतली नाही, म्हणून उंबऱ्यावर ठेवली आणि निघाले.

चार पावलं गेले. हातमाग पुन्हा सुरू झाला नव्हता.

सहज मागे वळून पाहिलं...

दाराला बाहेरून कुलूप होतं.

धुक्यात दार चुकलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण पावती तिथेच होती. उंबऱ्यावर.

संध्याकाळी याद्या जुळवल्या. सगळी घरं जुळली. १३२ अडलं. नीरजचे सहा, माझे सात.

"मॅडम, गया तुमचा रेकॉर्ड, यार!" तो हसला.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला ओढत तिथे नेलं. ती माझी चूक. आयुष्यातली सगळ्यात मोठी.

घरात सगळे होते. म्हातारी खाटेवर हुक्का ओढत बसली होती. बाजूला सून चारा कापत होती.

"आपकी पोती कहाँ है? कल उसी ने सबके नाम लिखवाए."

हुक्क्याची गुडगुड थांबली.

"पोती ना है म्हारै. दो पोते हैं बस. अर काल तो घर पै ताळा था."

"नहीं माताजी, अंदर खड्डी चल रही थी..."

"खड्डी? वो तो बेच दी. दस साल हो लिए."

खड्डी म्हणजे हातमाग. कोपऱ्यात त्याचा रिकामा खड्डा होता. त्यात पेंढा भरलेला.

तिथे तरी मी गप्प बसायचं. पण मला माझा आकडा खरा करायचा होता. मी स्वेटरचा रंग सांगितला, वेण्या सांगितल्या, उंची हाताने दाखवली. नीरज माझी ओढणी ओढत होता.

चारा कापणारे हात थांबले होते. तिने वर मात्र पाहिलं नाही.

आम्ही गाडीपाशी पोचलो, तेवढ्यात डोक्यावर गोवऱ्यांची टोपली घेऊन ती सून घाईघाईने आली. सरबती. मला वाटलं, भांडायला आली.

तिने टोपली खाली ठेवली. धाप लागली होती.

"बहन जी... कितनी बड़ी हो गई?"

मला कळलंच नाही.

मग तिने सांगितलं. मुलांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. बाहेर खड्डी जोरात चालू होती, तरी तिने रडणं ऐकलं. एकदाच. मग सासू म्हणाली, गेली. सरबतीला दाखवलीसुद्धा नाही. या फाल्गुनात ती बारा वर्षांची झाली असती.



मी तिला सगळं सांगितलं. माझ्या खांद्याला लागते. कपाळ तुझ्यासारखं आहे. जे नीट पाहिलं नव्हतं तेही सांगितलं. मी रडत होते.

"मेरा नाम लिया उसने?"

"सबसे पहले."

तिने पदर तोंडात कोंबला. मग म्हणाली, "उसको लिख दो. कहीं तो लिखी हो." आणि एक नाव सांगितलं. बारा वर्षं मनात ठेवलेलं. ते मी इथे सांगणार नाही.

मी तिच्यासमोर ते कोऱ्या जागेत लिहिलं.

ऑफिसमध्ये ते टिकणार नव्हतं. दोघांनी पाहिलेलंच माणूस धरायचं, हा नियम मीच केलेला. मी माझ्या हाताने ती ओळ खोडली आणि सही केली. पुस्तिका छापून आली. १३२ मध्ये सहा.

मार्चमध्ये सरबतीचा फोन आला.

"बहन जी, किताब छप गई? उसका नाम है?"

"हाँ," मी म्हणाले. "है."

पलीकडून तिचा आवाज आला. इतका आनंदी आवाज मी त्या गावात ऐकला नव्हता.

"तो अब मुझे भी दिखेगी ना? मैं दोपहर को खेत नहीं जाती अब. दरवाज़े पे बैठती हूँ."

तेव्हापासून ती दर आठवड्याला फोन करते. अजून दिसली नाही म्हणते. मला का दिसली, तिला का नाही, असं विचारते. रात्री डोळे मिटले की तो फॉर्मकडे बघणारा चेहरा समोर येतो आणि मी उठून बसते.

काल सरबतीने विचारलं, "कौन से पन्ने पर है? बेटे से पढ़वाऊँगी."

मी फोन कट केला.

आज सकाळपासून तिचे चार मिस्ड कॉल आहेत.